हंगामाचा सण आणि उपकारस्तुती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाजरी सोंगणीला आली की आपल्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाच्या सणाची बोलणी सुरू होतात, आणि त्यासोबत प्रश्नही. काही प्रश्न तारखेचे, पावतीचे, जेवणाचे असतात. काही मात्र रविवारची भक्ती संपल्यावर, बाकी लोक पांगल्यावर, हळू आवाजात विचारले जातात. दोन्ही तऱ्हेचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ग्रामीण मंडळीच्या अनुभवातून लिहिली आहेत. तुमच्याकडची रीत थोडी वेगळी असू शकेल.

हंगामाचा सण म्हणजे नक्की काय? त्याची तारीख कोणती?

शेतातलं पीक हाती आलं की सगळ्यांनी मिळून देवाची उपकारस्तुती करायची, आणलेला उपज त्याच्यापुढे ठेवायचा आणि एका पंगतीत जेवायचं, एवढाच हा सण आहे. नाताळासारखी त्याची तारीख पक्की नाही, कारण पाऊस कॅलेंडर बघून पडत नाही. खरिपावर जगणाऱ्या गावांत तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. जिथे रब्बीची ज्वारी आणि गहू हेच मुख्य पीक, तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये. रविवार कोणता, ते पाळक आणि समिती मिळून ठरवतात. तारखेबद्दल मला आणखी बरंच म्हणायचं आहे, ते शेवटच्या प्रश्नात येईल.

बायबलमध्ये याला आधार आहे का, की ही नुसती चालत आलेली रीत आहे?

आधार भरपूर आहे. बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात कापणीची पहिली पेंढी याजकाकडे आणायला सांगितलं आहे, आणि ती आणेपर्यंत नव्या धान्याची भाकरसुद्धा खायची नाही असं म्हटलं आहे. तिथून पन्नास दिवसांनी नव्या पिठाच्या दोन भाकरी. मग सातव्या महिन्यात, सगळा उपज घरात आल्यावर, सात दिवसांचा मांडवांचा सण.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो बायबलातल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा 26वा अध्याय. माणूस टोपलीत पहिलं पीक घेऊन येतो आणि याजकासमोर उभा राहून बोलतो. काय बोलतो? मी किती राबलो, बी कुठलं वापरलं, एकरी किती पडलं, यातलं काहीच नाही. तो आपल्या घराण्याची गोष्ट सांगतो. आमचा बाप भटकणारा होता, आम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, उपरे होतो, आम्हाला वेठीला धरलं होतं, आम्ही हाक मारली आणि देवानं ऐकलं, आणि आता त्यानंच दिलेल्या जमिनीचं हे पहिलं फळ. शेतातल्या टोपलीसमोर उभं राहून गुलामीची आठवण काढायची! भरल्या घरात माणूस सगळ्यात आधी विसरतो तो आपला वाईट काळ. त्याच पुस्तकाचा 8वा अध्याय हीच भीती बोलून दाखवतो: खाऊन तृप्त झाल्यावर, चांगली घरं बांधून राहिल्यावर 'हे माझ्याच हातच्या बळानं मिळवलं' असं मनात म्हणू नकोस.

आणि टोपलीची गोष्ट संपते तिथे लगेच पुढचं वाक्य येतं: तू, देवाच्या सेवेला नेमलेला लेवी आणि तुझ्यात राहणारा परका, सगळ्यांनी मिळून आनंद करा. 16व्या अध्यायात ही यादी आणखी लांब आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, परका, अनाथ, विधवा. सणाचा आनंद एकट्यानं करायची सोय पवित्र शास्त्रानं ठेवलेलीच नाही. या पानावरच्या बाकी सगळ्या उत्तरांचा पाया मी इथेच धरला आहे.

वेदीपुढे काय काय आणायचं? आणि लिलाव कशासाठी?

जे पिकलं ते. बाजरीची कणसं, मुगाच्या शेंगा, ऊस, भोपळा, कांदे, अंडी, कोंबडी, दुधाची किटली. फुलांच्या सजावटीवर खर्च करू नका. उसाच्या कमानीइतकी शोभा कशालाच येत नाही.

आमच्याकडे एक आजी दर सणाला चिपटंभर मटकी आणतात. परसातल्या चार वाफ्यांतली. ती पाखडून, निवडून, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधलेली असते, आणि पोटलीची गाठ त्या स्वतः सोडून मटकी वेदीपुढच्या सुपात ओततात. एक खडा सापडणार नाही त्यात. मोठ्या शेतकऱ्याचं पोतं ट्रॅक्टरमधून उतरतं आणि भिंतीला टेकून उभं राहतं. ते हवंच, त्यावर तर अन्नवाटप चालतं. पण त्या मटकीच्या दाण्यादाण्यावरून हात फिरलेला असतो. मंदिराच्या भांडारासमोर बसून येशूनं विधवेची दोन नाणी पाहिली, तेव्हा तो काय पाहत होता ते मला या सुपाशी उभं राहिल्यावर कळतं.

लिलाव भक्तीनंतर अंगणात होतो. ज्यानं बोली जिंकली तो बरेचदा तीच वस्तू पुन्हा अर्पण करतो, मग ती पुन्हा लिलावात निघते, आणि एकाच भोपळ्यावर मंडळीच्या छपराचे पत्रे येतात. मजा असते, मुलं ओरडत असतात. माझं एवढंच म्हणणं आहे की बोली वाढू लागली की तिथे माणसांची पत मोजली जायला वेळ लागत नाही. म्हणून लहान वस्तू आधी घ्याव्यात, बोली दहा रुपयांपासून सुरू करावी आणि रकमा नावानिशी फलकावर लावू नयेत.

आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, शेती नाही. आम्ही काय आणायचं?

तुमच्या कामाचं फळ आणा. एक नर्सताई रात्रपाळीच्या भत्त्याचं पाकीट ठेवतात. एक रिक्षावाले भाऊ त्या आठवड्यातल्या पहिल्या दिवसाची कमाई ठेवतात. मॉलमधून फळांची करंडी आणली तरी हरकत नाही, पण मला विचाराल तर मंडळीतल्या एखाद्या शेतकऱ्याकडून, त्याला परवडेल त्या भावानं, पाच किलो तूरडाळ घ्या आणि ती आणा. त्यात दोघांची उपकारस्तुती होते.

शहरातल्या घरात जेवणाआधीची प्रार्थना फार घाईत उरकली जाते असं दिसतं. सणाच्या आठवड्यात तरी ताटातली एकेक गोष्ट घेऊन, ती कुठून आली असेल, कुणी काढली असेल, असं मोठ्यानं बोलून प्रार्थना करा. कांदा लासलगावच्या बाजारातून आला असेल, तांदूळ मावळातून. ज्या माणसांची नावं माहीत नाहीत त्यांच्यासाठी देवाला दोन शब्द बोलणं हीसुद्धा भक्ती आहे.

यंदा पीक गेलं. परतीच्या पावसात सोयाबीनला कोंब फुटले, कर्ज डोक्यावर आहे. कशाबद्दल आभार मानायचे?

हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी विचारतंच, आणि त्याला पटकन उत्तर देणाऱ्या माणसापासून सावध राहावं. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे थेस्सलनीकाकरांस पत्रातलं वचन बुडालेल्या शेताच्या बांधावर उभं राहून कुणाच्या तोंडावर फेकू नये. ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलानं सर्व स्थितीत म्हटलं आहे. सगळ्या स्थितीबद्दल आभार माना, असं त्यानं म्हटलेलं नाही. पीक कुजलं याबद्दल देवाचे आभार मानायची सक्ती तुमच्यावर नाही. रडायची मुभा आहे. स्तोत्रसंहितेत रडण्याची, तक्रारीची स्तोत्रं कितीतरी आहेत आणि ती उपासनेत म्हणण्यासाठीच लिहिलेली आहेत. 13वं स्तोत्र 'हे परमेश्वरा, कोठवर?' असं विचारतच सुरू होतं.

हबक्कूक संदेष्ट्याचा 3रा अध्याय या प्रश्नासाठीच आहे असं मला वाटतं. तो एकेक नुकसान नावानं मोजतो. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, जैतून बुडालं, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. अगदी तलाठ्याच्या पंचनाम्यासारखी यादी आहे ती, काही लपवलेलं नाही. आणि ती पूर्ण वाचून झाल्यावर तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्या 'तरी'च्या आधीची यादी गाळून ते वचन भिंतीवर लावलं की ते खोटं वाटू लागतं. यादीसकट वाचलं की त्यात बळ सापडतं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. भूक त्यांनी स्वतः सोसली होती. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना शेकड्यांनी घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या, शेती उभी केली, आणि त्या मुलींनीच पेरलं, कापलं, दळलं. 1900च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलींनाही त्याच जागेनं आसरा दिला. रमाबाईंच्या उपकारस्तुतीत दुष्काळाची आठवण पुसलेली नव्हती. त्या आठवणीनंच त्यांना दुसऱ्याच्या भुकेकडे धावायला लावलं.

आता व्यवहाराचं. ज्याचं पीक गेलं त्यानं सणाला रिकाम्या हातानं यावं, आणि मंडळीनं त्याला तसंच येऊ द्यावं. 1972च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारे वडीलधारे अजून आहेत. त्यांना त्या दिवशी बोलायला लावा. लिलावाचे पैसे त्या वर्षी रंगरंगोटीला न जाता बियाण्याला जावेत. पीकविम्याचे, नुकसानभरपाईचे कागद भरायला तरुण संघानं एक दिवस बसावं. आणि कुणी गप्प गप्प राहू लागला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर सणापर्यंत थांबू नका. त्याच दिवशी त्याच्या घरी जा, त्याला एकटं सोडू नका, आणि डॉक्टरांकडे सोबत न्या. प्रार्थना तर करायचीच आहे, तीही त्याच्या शेजारी बसून.

घरात नुकताच मृत्यू झाला आहे. वर्षाच्या आत सण करू नये म्हणतात. भक्तीला यावं का?

वर्षभर सण न करण्याची रीत आपल्या गावांत खोलवर आहे, आणि तिच्यामागचं दुःख खरं आहे. ख्रिस्ती माणसाला मात्र तिचं बंधन नाही. या. मागच्या बाकावर बसा, गाणं म्हणवलं नाही तर म्हणू नका. अर्ध्यातून उठून गेलात तरी कुणी काही म्हणणार नाही.

नहेम्याच्या 8व्या अध्यायात सातव्या महिन्याच्या सणाला लोक रडू लागतात. त्यांना सांगितलं जातं की जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना ताटं पाठवा. हे दुसरं काम मंडळीचं आहे. ज्या घरात चूल उदास आहे तिथे सणाचा डबा महिला मंडळानं पोचवावा. तो देऊन लगेच निघू नये, जरा वेळ टेकावं.

'सर्वदा आनंद करा' म्हणे. आनंद काय सांगून होतो का?

ही आज्ञा ज्यांना लिहिली ते लोक कोण होते ते आठवा. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं होतं, आणि मध्यरात्री ते दोघं गात होते. त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला. पुढे पौल पुन्हा बंदिवासात असताना याच मंडळीला लिहितो की प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. वाचणाऱ्यांत त्या घरातलं कुणी असेल तर त्याला ते गाणं आठवलं असेल. सुखात बसलेल्या माणसानं केलेला हा उपदेश नाही.

त्याच पत्राच्या शेवटी पौल म्हणतो की कोणत्याही स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे. शिकलो आहे, म्हणजे आधी येत नव्हतं. म्हणून सणाच्या दिवशी आतून उमाळा आला नाही तरी गाण्यात आवाज मिसळा. आपल्या मराठी मंडळीवर नारायण वामन टिळक आणि कृष्णराव सांगळे यांचे मोठे उपकार आहेत. त्यांनी ख्रिस्ताची स्तुती आपल्या चालींत, भजना-कीर्तनाच्या अंगानं आपल्याला दिली. टाळ-मृदंगाच्या साथीनं चार कडवी झाली की अंग आपोआप सैल पडतं, जड मनही जरा वर येतं. त्यात काही खोटेपणा नाही. कधी मन ओठांच्या मागून येतं.

कृतज्ञ राहिलो, दशांश (कमाईचा दहावा भाग) दिला, तर देव पुढच्या वर्षी जास्त देईल का?

असं शिकवणारे आहेत, टीव्हीवरही आहेत. ते सुवार्तेला धरून नाही. 'जो उदारपणे पेरतो तो उदारपणे कापणी करील' हे वचन ते घेतात, पण ते कुठून घेतलं ते सांगत नाहीत. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल यरुशलेमेतल्या गरीब बंधुभगिनींसाठी वर्गणी गोळा करतो आहे, त्या प्रकरणातलं ते वाक्य आहे. गरिबाच्या ताटासाठी लिहिलेलं वचन स्वतःच्या बंगल्यासाठी वापरायचं नाही.

लूक 12 मधल्या धनवानाला उदंड पीक आलं. त्याचा हिशोब एकदम बरोबर होता, जुनी कोठारं पाडून मोठी बांधायची. त्याचं सगळं बोलणं माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव असं चाललेलं असतं. त्या बोलण्यात दुसरं माणूसच नाही. देव त्याला मूर्ख म्हणतो.

दान किती, असंही याच्याच जोडीला विचारतात. घरात बसून, नवरा-बायकोनं मिळून ठरवावं, आणि कर्ज काढून देऊ नये.

वसईकडचा आगेरा आणि आपला सण एकच का? आणि अमेरिकेतलं थँक्सगिव्हिंग?

आगेरा हा कॅथलिक बांधवांचा कापणीचा सण. वसईपासून उत्तन, गोराई, मनोरीपर्यंत आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन म्हणून ओळखला जाणारा तिथला मूळचा कॅथलिक समाज तो साजरा करतो, बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, आणि त्या घरोघर नेल्या जातात. शेतं इमारतींखाली गेली तरी लोंब्या कुठून तरी आणल्या जातात, याचं मला फार कौतुक वाटतं. गोव्यात राय गावी 5 ऑगस्टलाच नव्या कणसांचं फेस्त होतं. मंगळूरचे कॅथलिक 8 सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, नव्या तांदळाचं जेवण करतात. तारखा आणि विधी वेगळे असले तरी देव तोच.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं आणि कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. तिथे ती राष्ट्रीय सुट्टी आहे. तिकडे राहणारी आपली मुलं त्या दिवशी घरी पुरणपोळी करून शेजाऱ्यांना बोलावत असतील तर त्यांनी जरूर करावं.

शेजारी नवान्नाला, दसऱ्याला जेवायला बोलावतात. जावं का?

प्रेमानं बोलावलं तर प्रेमानं जावं. पूजेत काय करायचं, काय नाही, हे तुमच्या विवेकानं ठरवा आणि नम्रपणे सांगा. लोक समजून घेतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या सणाला त्यांना बोलवा. ज्या शेतात आपण काम करतो ते बहुतेक वेळा त्यांचंच असतं.

मुलांना हे कसं शिकवावं?

सरवा वेचायला न्या. शब्बाथशाळेच्या मुलांना, मालकाला विचारून, सोंगणी झालेल्या रानात सकाळच्या उन्हात सोडा. धसकटं पायाला टोचतात, कणीस दिसता दिसत नाही, दोन तासांत ओंजळभर दाणे होतात. मग बांधावर बसून रूथचा 2रा अध्याय वाचा. परक्या देशातली विधवा दिवसभर वाकून सातू वेचते, आणि बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतली काही कणसं तिच्यासाठी मुद्दाम गाळत जा. ओंजळीतले दाणे बघून मुलांना ते 'मुद्दाम गाळत जा' समजतं. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, 'मग आपल्या शेतात आपण किती गाळतो?' हा प्रश्न तिनं घरीही विचारावा असं मी तिला सांगितलं.

कापणी करणाऱ्या मजुरांचा या सणात काय वाटा आहे?

लेवीयच्या 23व्या अध्यायात एक गंमत आहे. सणांची क्रमवार माहिती चालू असताना मध्येच 22वं वचन येतं की कापणी करताना शेताच्या कोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला ठेवा. आणि मग सणांची यादी पुढे चालू होते. अनुवाद 24 म्हणतं की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या. याकोब तर म्हणतो की न दिलेली मजुरी ओरडते आहे आणि कापणाऱ्यांची आरोळी प्रभूच्या कानी गेली आहे. वेदीपुढे ऊस उभा करताना तो कुणी तोडला हे विचारणं म्हणूनच भक्तीचा भाग आहे.

पाथर्डी, शेवगाव, बीडकडच्या कितीतरी कुटुंबांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ती कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नोव्हेंबरमध्ये सण ठेवला की मंडळीतली नेमकी हीच माणसं पंगतीत नसतात, आणि त्यांची मुलं आजी-आजोबांसोबत मागच्या रांगेत बसलेली असतात. माझं स्पष्ट मत आहे की तोडीच्या गाड्या निघायच्या आधीचा रविवार सणासाठी धरावा. सगळी बाजरी घरात आलेली नसेल तरी चालेल, मूग-उडीद निघालेले असतात. त्या दिवशी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी नावानं प्रार्थना व्हावी, सोबत पीठ, डाळ, मीठ-मिरची आणि औषधांचा डबा द्यावा, आणि मागे राहणाऱ्या प्रत्येक मुलाची शाळा आणि जेवण कोण बघणार हे पंगत उठायच्या आत ठरावं. ज्यांच्या शेतावर मजूर आहेत त्या सभासदांनी थकलेली मजुरी सणाच्या आधी चुकती करावी, आणि मगच टोपली उचलावी.

आमच्याकडे तारीख ठरवायची बैठक ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, भक्तीनंतर असते. ज्यांच्या घरातून यंदा कोणी तोडीला जाणार आहे त्यांनी त्या बैठकीला आवर्जून यावं.